हळद हलालच, पण बाटलीत आणखी काय आहे?

वनस्पतीपासून काढलेला खाण्याचा रंग मुसलमानांना चालतो का? गेल्या वर्ष-दोन वर्षांत हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय, की शेवटी लिहायलाच बसले. आणि विचारणाऱ्या सगळ्याच काही आमच्यातल्या नव्हत्या. शेजारच्या जैन काकू माझ्यापेक्षा बारीक चौकशी करतात. त्यांना अंडं चालत नाही, जिलेटिन चालत नाही, किड्यापासून काढलेलं तर नाहीच नाही. म्हणजे पाकिटाच्या मागची बारीक अक्षरं वाचायला चष्मा शोधणारी मी एकटी नाही.

आमचा बचत गट कांदा-लसूण मसाला, हळदपूड, शेवया असं बनवून विकतो. मध्यंतरी एक व्यापारी लालभडक अर्काची बाटली घेऊन आला. "मसाल्याला उठाव येतोय भाभी, शंभर टक्के मिरचीचाच हाय, केमिकल न्हाई." बाटलीवर हिरवा ठिपका. गटातल्या एक खाला म्हणाल्या, "मिरचीचा हाय म्हंजे हलालच की." तेवढ्यात एकीने मोबाइल पुढे केला. त्यात 'ई' नंबरांची लांबलचक यादी होती आणि बहुतेक नंबरांपुढे 'हराम' लिहिलेलं. पूर्वी अशा याद्या झेरॉक्स होऊन हातोहात फिरायच्या, आता मोबाइलवर फिरतात, एवढाच फरक. त्या यादीत १०० नंबरसुद्धा 'संशयास्पद' होता. १०० नंबर म्हणजे काय? तर हळदीचा रंग!

ती बाटली आम्ही घेतली नाही. त्याचं कारण हलाल-हराम नव्हतं. दळलेल्या मसाल्यात बाहेरून रंग घालायला आपल्याकडे कायद्यानेच मनाई आहे, मग तो मिरचीचा असो नाहीतर कशाचा. पण प्रश्न मात्र डोक्यात राहिला.

मी काही आलिमा नाही. बी.ए. झालेली गृहिणी आहे, थोडंफार समाजकार्य करते. फतवा हवा असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावं. मी वाचलेलं आणि विचारून घेतलेलं सांगते, आणि मला काय वाटतं तेही सांगते.

मुळात गोष्ट सोपी आहे. कुराणात काय खायचं नाही त्याची यादी फार लांब नाही. सूरह बकराच्या १७३व्या आयतीत मेलेलं जनावर, रक्त, डुकराचं मांस आणि अल्लाहखेरीज दुसऱ्याच्या नावाने कापलेलं एवढं सांगितलंय. सूरह माइदामध्ये दारूची मनाई आहे. फिकहचे जाणकार यावरून एक नियम सांगतात, की ज्याची मनाई झालेली नाही ते मुळात हलालच. जमिनीतून उगवलेलं जे नशा आणत नाही आणि शरीराला अपाय करत नाही, ते सगळं खायला मोकळीक आहे. मग हळद, मिरची, बीट, कोकम, केशर, पालक, लोण्याला आणि चीजला पिवळेपणा देणारी शेंदरी, यांत प्रश्न येतोच कुठे? सांगलीची हळद तर आपल्या शेजारची. २०१८ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं. गडहिंग्लजच्या बाजारात येणारी संकेश्वरी मिरची, कर्नाटकातली ब्याडगी मिरची, यांच्याच जोरावर आपला तांबडा रस्सा तांबडा होतो. लग्नातला झर्दा केशराने नाहीतर हळदीने पिवळा करायची रीत जुनीच आहे. त्यासाठी कुणी कधी कुठल्या मौलवीसाहेबांकडे गेलं नव्हतं.

मग प्रश्न आला कुठून? तो बाटलीतून आला. घरात आपण मिरची भिजवतो, वाटतो आणि फोडणीत टाकतो. तेल रंग ओढून घेतं, संपला विषय. कारखान्यात मात्र मिरचीतला रंग वेगळा काढतात. त्यासाठी एखादं द्रावण वापरावं लागतं. ते कधी पेट्रोलजन्य असतं, कधी अल्कोहोल. रंग त्यात उतरला की ते द्रावण उडवून टाकतात, मागे घट्ट अर्क राहतो. ब्याडगी मिरची तिखटाला कमी आणि रंगाला जास्त, म्हणून अशा अर्कासाठी तिला मोठी मागणी असते. लिपस्टिकमध्येसुद्धा तो रंग जातो म्हणतात. हा अर्क पुढे पाण्यात मिसळावा, पूड व्हावी, टिकावा म्हणून त्यात आणखी काहीबाही घालतात. हे 'काहीबाही' म्हणजेच खरी गाठ आहे.

आधी अल्कोहोलचं बघू. आपल्याकडे कारखान्यांना लागणारं अल्कोहोल मोठ्या प्रमाणात उसाच्या मळीपासून होतं. साखर कारखान्याच्या जिल्ह्यात राहणाऱ्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको, वास सांगतो! आता फिकहमध्ये या ठिकाणी दोन मतं आहेत. नशा आणणारी प्रत्येक गोष्ट दारूच आणि तिचा थेंबही नको, असं एक मत. दुसरं मत हनफी मसलकच्या अलीकडच्या बऱ्याच आलिमांचं. ते म्हणतात, द्राक्षं आणि खजुरापासून काढलेल्या दारूचा हुकूम वेगळा. मळी किंवा धान्यापासून काढलेलं अल्कोहोल प्यायला नव्हे तर कामासाठी वापरलं, त्याने नशा येत नाही, नावापुरतं मागे राहतं, तर त्याला हरकत नाही. इंडोनेशियासारख्या सर्वांत मोठ्या मुस्लिम लोकसंख्येच्या देशात तिथल्या उलेमा परिषदेने २०१८ साली पेयांसाठी अर्ध्या टक्क्याच्या आतली मर्यादा घातली, तीही ते अल्कोहोल दारूच्या धंद्यातलं नसेल तरच. आपल्याकडे घाटावर बहुतेक जण हनफी, खाली कोकणात शाफई. त्यामुळे रत्नागिरीची सून कोल्हापुरात आली की अशा बाबतीत दोन घरांत दोन उत्तरं मिळू शकतात. त्यावरून भांडायचं कारण नाही. मला स्वतःला दुसरं मत पटतं. जे द्रावण उडून गेलं आणि ज्याने कुणाला कधी नशा येणार नाही, त्याच्यासाठी मिरचीला गुन्हेगार ठरवणं मला जड जातं.

जिलेटिनचं मात्र तसं नाही. गाजरासारखा केशरी रंग पूड स्वरूपात विकतात, त्याचे बारीक कण पुष्कळदा जिलेटिनमध्ये गुंडाळलेले असतात, म्हणजे ते हवेने खराब होत नाहीत. रंग वनस्पतीचा, पांघरूण प्राण्याचं! जिलेटिन मासळीचं असेल तर प्रश्न मिटला. डुकराच्या कातड्याचं असेल तर हनफी असो की शाफई, खाणारी बाई ते नकोच म्हणणार. गाई-म्हशीचं असेल तर जनावर कसं कापलं होतं हा प्रश्न येतो. वस्तूचं रूप पार बदललं की हुकूमही बदलतो, जसा दारूचा सिरका झाला की तो चालतो, असा एक आधार काही आलिम जिलेटिनला देतात; पण सगळे तो मानत नाहीत. हे वाद आलिमांनी घालावेत. माझं म्हणणं एवढंच, की पांघरूण कशाचं आहे हे आधी मला कळू दे.

आणखी एक गंमत. 'नैसर्गिक रंग' म्हटलं की आपण झाडापानाचा समजतो. पण नैसर्गिक म्हणजे वनस्पतीचाच असं नाही. निवडुंगावर वाढणाऱ्या एका किड्याला वाळवून त्यापासून सुंदर लाल रंग काढतात. कार्मिन म्हणतात त्याला, नंबर १२०. परदेशातली चॉकलेटं, दही, जेली यांत तो असतो. आखातातून कुणी बॅग भरून खाऊ आणला की हा नंबर बघा. २०१२ साली अमेरिकेत स्टारबक्सच्या स्ट्रॉबेरीच्या पेयात हा किड्याचा रंग असल्याचं कळल्यावर तिथल्या शाकाहारी लोकांनी बोंब मारली आणि कंपनीला टोमॅटोच्या रंगावर यावं लागलं. हनफींना टोळ सोडला तर किडे चालत नाहीत, त्यामुळे आपल्याकडचं उत्तर सरळ 'नको' असं आहे. पण इंडोनेशियाच्या त्याच परिषदेने २०११ साली हा रंग हलाल ठरवला. म्हणजे बघा, अल्कोहोलला मर्यादा घालणारे किड्याला सूट देतात! आपल्याकडे कुणी असं काही बोललं असतं तर मोहल्ल्यात दोन तट पडले असते.

आता हिरव्या ठिपक्याकडे येते. हा ठिपका बघून माझ्या कितीतरी मैत्रिणी निर्धास्त होतात. "हिरवा हाय ना, मग झालं." हिरवा ठिपका प्राणिजन्य नाही एवढंच सांगतो. अल्कोहोल उसाचं, म्हणजे हिरवंच. शिवाय कायद्याने मांसाहाराच्या व्याख्येतून दूध तर वगळलंच आहे, मध, मधमाशांचं मेण आणि शेलॅकही वगळलंय. शेलॅक म्हणजे लाख, किड्याचीच. गोळ्या-चॉकलेटांना चकाकी द्यायला वापरतात. (बांगड्यांतली लाख आपण पिढ्यान्‌पिढ्या हातात मिरवतो, ते वेगळं.) आणि तपकिरी चिन्ह, जे पूर्वी गोल होतं आणि आता त्रिकोणी झालंय, ते प्राणी आहे एवढंच सांगतं. कोणता प्राणी? ते नाही सांगत. शाकाहारी बाईला एका ठिपक्यात 'घे' किंवा 'नको' असं उत्तर मिळतं. हलाल बघणाऱ्या बाईला दोन्हींतून काहीच मिळत नाही.

त्यातही जे काही लिहायचं ते इंग्रजीत किंवा हिंदीत असलं की कायद्याचं समाधान होतं. मराठी सक्तीची नाही. शाहू महाराजांनी १९०६ साली या गावात मुस्लिम बोर्डिंग काढलं. कुराण मराठीत यावं म्हणून त्यांनी पैसाही मोकळा केला. धर्मग्रंथ आपल्या भाषेत वाचता यावा असं शंभर वर्षांपूर्वी एका राजाला वाटलं, आणि आज पाच रुपयांच्या जेलीच्या पाकिटाला मराठीत बोलता येत नाही.

या बाबतीत मदत कुठून आली ते ऐकून तुम्हाला नवल वाटेल. गोरक्षणासाठी काम करणाऱ्या एका संस्थेने दिल्ली उच्च न्यायालयात अर्ज केला होता, की पदार्थांत नुसते कोड नंबर लिहितात, पण तो घटक झाडाचा की जनावराचा ते लिहीत नाहीत. डिसेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने सांगितलं, आपण काय खातो हे जाणून घ्यायचा प्रत्येकाला हक्क आहे, आणि पदार्थातला प्रत्येक घटक वनस्पतीपासून, प्राण्यापासून की प्रयोगशाळेतून आलाय, हे उघड लिहिलं गेलं पाहिजे. मग तो घटक केवढाही थोडा असो. गोरक्षणवाल्यांचा अर्ज आणि रोजेदार बाईची अडचण, दोन्ही एकाच ओळीत आले की नाही? त्या निकालाप्रमाणे पाकिटं छापली गेली तर माझ्या लेखाचं अर्धं काम संपेल. माझ्या किराणा दुकानातली पाकिटं मी पाहते, त्यांच्यावर अजून नंबरच आहेत.

इथे दुसऱ्या बाजूचंही बोलायला हवं, नाहीतर मी फक्त सोयीचं सांगितलं असं होईल. नोव्हेंबर २०२३ मध्ये उत्तर प्रदेश सरकारने हलाल प्रमाणपत्राचा शिक्का असलेल्या पदार्थांची राज्यात विक्री बंद केली, निर्यातीचा माल तेवढा सोडला. त्यावरून खूप धुरळा उडाला. बंदी घालून प्रश्न सुटतो असं मला वाटत नाही. ज्याला शिक्का नको त्याने दुसरं पाकीट घ्यावं. पण हेही खरं, की हळदीच्या पुडीवर आणि आट्याच्या पिशवीवर हलालचा शिक्का बघितला की मला हसू येतं. गव्हाला कसलं आलंय प्रमाणपत्र! जिथे खरी शंका आहे, म्हणजे मांस, जिलेटिन, गोळ्यांवरचा लेप, रंगाची पूड, तिथे शिक्का कामाचा. बाकी ठिकाणी तो धंद्याचा भाग. मला शिक्क्यापेक्षा साधी यादी हवी. 'रंग : हळद. वाहक : मक्याचं पीठ. द्रावण : अमुक.' एवढं लिहिलं तर मुसलमान, जैन, लिंगायत, सोमवार-शनिवार धरणारी, ॲलर्जी असलेली, सगळ्यांचं भागलं. कुणी कुणाचा शिक्का खपवून घ्यायची गरजच राहणार नाही.

आपल्या घरातल्या एका सवयीबद्दलही थोडं बोलते. काही जणी आता इतक्या धास्तावल्यात, की दुसऱ्याच्या घरी गेल्या की कस्टर्ड पुढे आल्यावर वाटीकडे संशयाने बघतात. सासवा सुनांना नंबरांवरून टोचतात. एका घरी तर इफ्तारला शेजारणीने प्रेमाने आणलेलं सरबत मोरीत ओतलं, कारण यादीत नंबर होता. नंतर कळलं, तो नंबर बिटाचा. सूरह माइदामध्येच, ८७व्या आयतीत, अल्लाहने हलाल केलेल्या चांगल्या गोष्टी आपल्या मनाने हराम करू नका असंही बजावलंय. हरामपासून लांब राहणं जसं आपल्यावर आहे, तसं हलालला उगाच हराम न म्हणणंही आपल्यावरच आहे. शंका असेल तिथे हात आखडावा, हेही हदीसमध्ये आहेच. पण शंकेला काहीतरी आधार हवा, नुसता मोबाइलवरचा मेसेज नव्हे.

आणि मला खरं छळतं ते वेगळंच. कुराणात खाण्याबद्दल हलालबरोबर 'तय्यब' हाही शब्द येतो. तय्यब म्हणजे चांगलं, शुद्ध, निर्मळ. आपण पहिल्या शब्दावर रात्र-रात्र वाद घालतो आणि दुसरा शब्द विसरतो. बाजारात केशर म्हणून करडईच्या वाळलेल्या पाकळ्या विकतात. दोन्ही वनस्पतीच! हलाल-हरामच्या तराजूत दोन्ही पास. पण दहाची वस्तू हजाराला विकली ती फसवणूक हलाल झाली का? पैगंबरसाहेबांची एक गोष्ट हदीसमध्ये येते. बाजारात धान्याच्या ढिगात त्यांनी हात घातला तर आतलं धान्य ओलं लागलं. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजलं. त्यावर त्यांनी विचारलं, मग लोकांना दिसेल असं वर का नाही ठेवलंस? आणि फसवणारा आमच्यातला नाही, अशा अर्थाचं सुनावलं. धान्य हलालच होतं की! चूक झाकण्यात होती. खाण्यातला रंग तरी बहुतेक वेळा कशासाठी असतो? शिळं ताजं दाखवायला, पातळ घट्ट दाखवायला, मिरची कमी घालून रस्सा तांबडा दाखवायला.

शेजारच्या कर्नाटकाने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमधले कृत्रिम रंग आणि बुढ्ढी के बालमधला रोडामाइन-बी बंद केला, जूनमध्ये कबाबांतले कृत्रिम रंगही बंद केले. रोडामाइन हा कापड रंगवायचा रंग आहे, खाण्याचा नव्हेच. आपल्याकडे खायला परवानगी असलेले कृत्रिम रंग आठच आहेत, तेही ठरवून दिलेल्या पदार्थांत आणि किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या आत. आता आठवा, लग्नात बिर्याणीच्या डेगवर आचारी केशरी रंगाचं पाणी कसं मुठीने शिंपडतो ते. कुठलं मोजमाप नि कुठलं काय! बकरा हलाल आहे की नाही यावर आपण खाटकाशी हुज्जत घालू, पण त्या मुठीतल्या रंगाबद्दल त्याला एक अक्षर विचारणार नाही.

याला आपणही जबाबदार आहोत, कारण आपला डोळा भडक रंगाला चटावलाय. कोल्हापूरच्या गुळाचंच घ्या. पिवळाधमक गूळ हवा म्हणून गिऱ्हाईक अडून बसतं, मग गुऱ्हाळात पावडरी पडतात. नुसत्या भेंडीने मळी काढलेला गूळ काळपट-तपकिरी दिसतो आणि आपण तो हातात घेऊन खाली ठेवतो. मोहरमच्या चोंग्यांना मी तोच काळा गूळ घेते. चोंगे काळसर होतात, पण खाणाऱ्याने आजवर परत केलेले नाहीत.

तर करायचं काय? दळलेलं तिखट आणायचंच असेल तर चिमूटभर ग्लासातल्या पाण्यावर टाकून बघा, रंगाच्या रेघा खाली उतरू लागल्या तर त्यात रंग मिसळलाय. हळद पाण्यात टाकली की चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं, भेसळीची गडद पिवळं करते. बाटलीतला 'नैसर्गिक' रंग घेतलाच तर पाकिटावर ग्राहकांसाठी फोन किंवा पत्ता असतो, तिथे विचारा, रंग कशाचा, कशात मिसळलाय, जिलेटिन असेल तर कुठल्या प्राण्याचं. फोन उचलणाऱ्याला उत्तर येत नसेल तर लेखी मागा. एकटीने विचारलं तर टाळतात, बचत गटाच्या लेटरहेडवर विचारलं की जरा सरळ बोलतात, हा आमचा अनुभव. आणि घरात लग्नकार्य निघालं की विसार देण्याआधीच आचाऱ्याला सांगा, बिर्याणीला आणि झर्द्याला हळद किंवा केशर, दुसरा कुठलाही रंग नाही. केशर परवडत नसेल तर झर्दा पांढरा आला तरी चालेल, वर काजू-बेदाणे दोन मुठी जास्त टाक म्हणावं.